गाठ कोण्या गावची?

थूल मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधी एक प्रश्न विचारायच्या. काचेची पट्टी हातात, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि मान न वळवता माझ्याकडे: "मनोहरभाऊ, गाठ कोण्या गावची?"

वय नाही, नाव नाही, किती दिवसांची तेही नाही. ते सगळं कागदावर लिहिलेलंच असायचं. त्यांना गाव हवं असायचं. मी म्हणायचो, "आंजीची." त्या म्हणायच्या, "हं, तिले बस आहे," आणि डोळा लावायच्या. एखादं आडबाजूचं गाव सांगितलं की हात क्षणभर थांबायचा. "तिथून सकाळची एकच गाडी येते. वापस जायले पाच वाजतात." माणसाच्या शरीरातला तुकडा तपासणाऱ्या बाईला एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ कशाला लागतं, हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही. मला वाटायचं, बाई एसटी महामंडळात जायच्या त्या चुकून डॉक्टर झाल्या. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रिपोर्ट लिहिणं सोपं आहे हो. तो वाचून ती बाई परत येईन का, हे पाहा लागते. जिले याले गाडीच नाई, तिच्या कागदावर 'सहा महिन्यांनी दाखवा' असं लिहून मी काय करू? सरळ 'काढा' लिहिते."

वर्ध्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधली ही गोष्ट. तीन खोल्या, एक ओटा, एक बाक आणि एक सरकती काच लावलेली खिडकी. आतल्या खोलीत मॅडम आणि खिडकीत मी. रिपोर्ट टाइप करायचे आणि लोकांना द्यायचे, एवढंच माझं काम. पण मी आमच्या मोहल्ल्यातल्या गणेशोत्सवात सलग अठरा वर्षं नाटकात काम केलेला माणूस! मला खिडकी दिसत नव्हती, मला रंगमंच दिसत होता. काच सरकवली की पडदा उघडला. समोर घाबरलेला प्रेक्षक. असा प्रेक्षक कुठल्या नटाला मिळतो? त्याचा जीव माझ्या पुढच्या वाक्यात अडकलेला असायचा. रिपोर्ट चांगला असेल तर मी सरळ देतच नसे. आधी चेहरा पाडायचा. चष्मा काढून पुसायचा. "काकाजी, बसा जरा. बातमी तशी जड आहे..." काकाजी पांढरे पडले की आवाज चढवायचा, "अर्ध्या किलो पेढ्यांएवढी जड आहे! काही निघालं नाही!" मग रडणं, हसणं, माझ्या हाताला हात लावणं. बाकावरची मंडळीसुद्धा टाळ्या वाजवायची. बसस्टँडजवळच्या पेढेवाल्याने मला कमिशन द्यायला हवं होतं.

मॅडमना हे नाटक ठाऊक होतं. आवडत नव्हतं. मला कामावर घेताना त्यांनी एक जुना रिपोर्ट हातात देऊन म्हटलं होतं, "वाचून दाखवा." मी असा खणखणीत वाचला, थांबायच्या जागी थांबलो, शेवटचा शब्द तर हवेत तरंगत ठेवला. त्या म्हणाल्या, "वाचता चांगलं. पण खाली अजून एक ओळ आहे." खरोखरच होती. मी टाळीच्या जागी थांबलो होतो. तरी त्यांनी मला नोकरी दिली. त्यांनी ती का दिली, असं मी नंतर हजारदा मनात म्हटलं.

मॅडमचे वडील इथल्याच कापूस बाजारात हमाल होते. लहानपणी त्या डबा घेऊन जायच्या आणि गाड्यांच्या रांगेत फिरायच्या. व्यापाऱ्याचा माणूस यायचा, गाडीच्या वरच्या थरातला मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी धागा ताणून पाहायचा आणि भाव बोलायचा. "माह्या बाबाले माहीत राहे, कोणच्या गाडीत वजनासाठी आतून पाणी मारलं आहे ते," त्या सांगायच्या. "बाबा खांद्यापर्यंत हात घालत. खाली, मधात, कोपऱ्यात. व्यापारी हसत. म्हणत, हमाल डॉक्टर झाला. मूठभर पाहून सांगणारे लय आहेत, मनोहरभाऊ. आपण खांद्यापर्यंत हात घालाचा." आणि सुईने काढलेला तुकडा आला की कुरकुरायच्या, "इथं कुठं घालू खांदा? मूठसुद्धा नाई आणली. चिमूट आणली."

सुईने काढलेला तुकडा म्हणजे काय असतो, ते मी पाहिलं आहे. शेवयांचे तीन-चार बारीक तुकडे. छातीत लिंबाएवढी गाठ असते आणि मॅडमपुढे येतात हे धागे. बायकांच्या, त्यातून तरुण मुलींच्या छातीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. थोड्या ग्रंथी, थोडे तंतू, एकत्र वळलेल्या. तशाच राहतात, कधी विरूनही जातात. पण त्यांचीच एक जुळी बहीण असते. तिला फायलोड्स म्हणतात. वरून अगदी तशीच, धाग्यातही पुष्कळदा तशीच. पण ती वाढत सुटते, अर्धवट काढली तर परत येते आणि एखादीच, फार थोड्यांतली एखादी, जीव घेते. चिमटीभर धाग्यांत ती दिसेलच असं नाही. अशा वेळी मॅडम लिहायच्या: या नमुन्यात कॅन्सर दिसत नाही, पण फायलोड्स नाकारता येत नाही, गाठ भोवतीच्या चांगल्या भागासकट सबंध काढून पुन्हा तपासावी.

अशा रिपोर्टाला त्या लाल रबर लावायच्या. लाल रबराचा रिपोर्ट खिडकीतून द्यायचा नाही, मोबाइलवर धाडायचा नाही. घरच्यांना आत बोलवायचं, मॅडम स्वतः समजावून सांगणार आणि आपल्या हाताने मराठीत चिठ्ठी लिहून देणार. चिठ्ठी दिली की रबर निघणार. लॅबमधला हा एकच कडक नियम. बाकी उशिरा या, डुलक्या काढा, मॅडम काही म्हणायच्या नाहीत.

पूनम हिंगणीची. एकवीस वर्षांची, वर्ध्याच्या कॉलेजात शिकायला रोज एसटीने येणारी. बसस्टँडवरून कॉलेजकडे जायचा रस्ता आमच्या खिडकीवरून जातो. वडिलांची गावात पिठाची गिरणी. पहिल्यांदा ते लेकीला घेऊन आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. मी म्हटलं, "काकाजी, एवढ्या लवकर म्हातारे झाले?" पूनम खो-खो हसली आणि म्हणाली, "बाबा जन्माचेच असे हायत जी. मी लहान होती तं मले वाटे, बापं पांढरेच राहतात." गाठ चार महिन्यांत बोराची लिंबाएवढी झाली होती. सर्जनने सुई घालून धागे काढले होते आणि ते आमच्याकडे आले होते.

"गाठ कोण्या गावची?" मॅडमनी विचारलं.

"हिंगणीची."

"बरं झालं. हिंगणीले रोज बस आहे," म्हणून त्यांनी डोळा लावला. पण लवकर काढला नाही. त्यांनी त्या धाग्यांचे आणखी काप करायला लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. संध्याकाळी मला तोंडी रिपोर्ट सांगितला, मी टाइप केला. टाइप करताना माझी बोटं वाचतात, मी वाचत नाही. तीस वर्षांची सवय आहे. मॅडमनी सही केली, लाल रबर लावलं आणि म्हणाल्या, "मी उद्या नागपूरले लग्नाले चालली. परवा बोलवा त्यायले. मी बोलते."

ते दुसऱ्याच दिवशी आले. पूनमचे वडील एकटेच. गिरणी बंद ठेवून, पहिल्या गाडीने. आदल्या रात्री घरात कोणी जेवलं नव्हतं. मी म्हटलं, परवा या. ते गेले नाहीत. बाकावर बसून राहिले. अकरा वाजता उठून काचेशी आले. "साहेब, कागद नोका देऊ. एवढंच सांगा जी. कॅन्सर हाय का नाई?" बारा वाजता पुन्हा आले. बाकावर आणखी पाच-सहा जण होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी लाल रबर काढलं. ते माझ्या मनगटावर चढवलं, हे मला अजून आठवतं. रिपोर्टवरून नजर फिरवली. 'या नमुन्यात कॅन्सर दिसत नाही.' झालं! मी चष्मा काढला. पुसला. चेहरा असा पाडला की बाकावरची एक बाई "अगं माय" म्हणाली. "काकाजी," मी म्हटलं, "घरी फोन लावा. सगळ्यांना सांगावं लागेल." त्यांनी खिडकीची चौकट धरली. मग मी, अठरा वर्षांचा अनुभव पणाला लावून, खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि ओरडलो, "सांगा, पेढे घेऊन येतो म्हणून! कॅन्सर नाही!"

असा प्रयोग माझा आधी कधी झाला नव्हता. बाकावरच्या बायका रडल्या. तो माणूस धावत बसस्टँडवर गेला, पेढे घेऊन आला, सगळ्यांना वाटले, माझ्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला. मी दोन खाल्ले. रिपोर्ट त्यांना देऊन वर म्हटलं, "डॉक्टरांना दाखवून टाका एकदा." दाखवून टाका! खालची ओळ मी याही वेळी वाचली नव्हती. टाळीच्या जागी थांबलो होतो.

त्यानंतरच्या दिवशी मॅडम आल्या. त्यांच्या टेबलावर मी एक पेढा कागदात ठेवला होता. "हे काऊन?" त्यांनी विचारलं.

"हिंगणीची गाठ साधी निघाली ना, मॅडम, त्याचा."

त्यांनी पेढा परत कागदात गुंडाळला. "कोणं सांगतलं?"

मी हात मागे घेतला. माझ्या मनगटावर कालचं लाल रबर तसंच होतं. त्यांनी ते पाहिलं.

त्या रागावल्या असत्या तर मी आज हे लिहीतही नसतो कदाचित. शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. त्यांनी कपाटातून पट्टी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "बसा." त्या यंत्राला समोरासमोर भिंगांच्या दोन जोड्या होत्या, शिकवण्यासाठी. मी एकीला डोळे लावले. गुलाबी रान दिसत होतं. "आता कोपऱ्यात पाहा," त्या पलीकडून म्हणाल्या. पट्टी सरकली. रानात फटी दिसल्या आणि फटींत घुसलेली बोटं, नाही, पानं. रुंद, गोल टोकाची पानं, एकाला एक लागून. "हे पानं म्हणजे फायलोड्सची खूण. एका कोपऱ्यात एवढीशी. बाकी समदी साधी. आतमध्ये काय आहे, मले माहीत नाई. साधी पण असू शकते, मनोहरभाऊ. तेच तं सांगून राह्यली. मले माहीत नाई, आणि तुम्ही त्यायले सांगतलं की माहीत आहे."

फोन लावला. वडील म्हणाले, "हो जी, दाखवतो. घाई काय हाय आता?" सर्जनकडे विचारलं, रिपोर्ट दाखवायला कोणी गेलं नव्हतं. रविवारी मॅडम म्हणाल्या, "चला." आम्ही दोघं एसटीने हिंगणीला गेलो. आयुष्यात पॅथॉलॉजिस्ट कधी पेशंटच्या घरी जात नाही. त्याचा पेशंट काचेच्या पट्टीवर असतो. मॅडम पर्स मांडीवर धरून गाडीत ताठ बसल्या होत्या, बोर धरणाकडचं जंगल दिसायला लागलं तरी बाहेर पाहिलं नाही.

गिरणी चालू होती. आम्हाला पाहून काकाजींनी पट्टा उतरवला, ओसरीत खुर्च्या मांडल्या, पूनमच्या आईने चहा केला. मॅडमनी सगळं सांगितलं. शांतपणे, कापसाच्या गाडीसकट. आईने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हे साहेब म्हणते काई नाई. तुम्ही म्हणता काढा. आमी आयकाव तरी कोणाचं?"

"त्यायचं चुकलं," मॅडम म्हणाल्या.

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो. म्हटलं, "माझं चुकलं, ताई. मी पूर्ण वाचलं नाही. मी तुमची थट्टा केली. गाठ काढावी लागते असं खाली लिहिलं आहे." आणि काय झालं असेल? पूनम हसायला लागली. "आई, पाह्य ना, बाबानं सांगतलं तेवढंच मस्त करते हे! आता शेवटी पेढे मागन!" आईच्या तोंडावरही हसू आलं. मी पुन्हा म्हटलं, "मी मजाक करून नाही राहिलो." पूनम आणखी हसली. मला फाटकापर्यंत पोचवायला आलेले काकाजी हळूच म्हणाले, "बाईसाहेबानं झापलं वाटते तुमाले. चालते जी. मोठ्या लोकायचं आयका लागते." त्यांनी माझा हात दाबला. सांत्वनासाठी.

आयुष्यात एकदाच खरं बोललो होतो, तर त्याला हशा मिळाला.

पण पूनम बिनडोक नव्हती. आम्ही निघायच्या आधी तिने मॅडमना विचारलं होतं, "मॅडम, तुमाले कॅन्सर दिसला का?"

"नाई."

"असन, असं वाटते का?"

"सांगता येत नाई."

"मंग तुमाले सांगता येत नाई म्हणून मी माह्यी छाती कापून घेऊ?"

मॅडम म्हणाल्या, "हो."

दुसरा डॉक्टर असता तर थोडं खोटं बोलला असता. 'आहे' असं सांगितलं असतं, घाबरवलं असतं, मुलगी टेबलावर आली असती. मी परतीच्या गाडीत तसं म्हटलंही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खोटं चांगलं सांगतलं, त्यायनं आयकलं. मी वाईट खोटं सांगाव, अन् मंग गाठ साधी निघावी. पुढची पोरगी माह्यं काऊन आयकन?"

मॅडम आणखी तीनदा गेल्या. एकदा परीक्षा होती. एकदा मावशीने कसला तरी लेप दिला होता आणि गाठ मऊ पडली होती म्हणे. शेवटच्या वेळी दार आतून बंद होतं आणि गिरणीही. पूनम मात्र रोज खिडकीवरून जायची. मी काच सरकवून हाक मारायचो, "पूनम, मॅडमला भेटून जा!" ती कानाला हात लावून ऐकू येत नसल्याचं नाटक करायची. नक्कल माझीच. दिवाळीनंतर तिने हसणं सोडलं. ऊन तापायला लागलं तरी अंगावर जाड ओढणी, पुस्तकं छातीशी घट्ट धरलेली. आठ महिन्यांनी एके दिवशी ती खिडकीत थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, आता पेढे नोका मागू." आणि मॅडमच्या खोलीत गेली.

गाठ नारळाएवढी झाली होती. वरची कातडी ताणून चमकत होती. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, सबंध छाती काढावी लागली, आणि मॅडमनीच तपासावं असा पूनमने हट्ट धरला, म्हणून काढलेली छाती आमच्याकडे आली. बरणीत मावली नाही. झाकणाच्या बादलीत आली. त्या दिवशी मॅडमनी गाव विचारलं नाही. दिवसभर उभं राहून त्यांनी ती कापली, प्रत्येक कोपऱ्यातून, मधून, खालून. खांद्यापर्यंत हात घातला. सगळीकडे पानं, आणि बऱ्याच ठिकाणी पानंही गिळून टाकलेला नुसता दाट, माजलेला भाग. हा कॅन्सर होता, आणि एका बाजूला तो कापलेल्या कडेपर्यंत पोचलेला होता. रिपोर्ट सांगताना त्यांचा आवाज सरळ होता. मी टाइप केला. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. कोणाच्या उपयोगाची होती?

पुन्हा ऑपरेशन झालं. मग छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत गोल डाग दिसले. या रोगाला औषधं फारशी ऐकत नाहीत. पूनम उन्हाळ्यात गेली. मॅडम हिंगणीला जाऊन आल्या, मला बरोबर नेलं नाही.

त्यानंतर महिन्याने काकाजी खिडकीशी आले. भुवयांवर पीठ नव्हतं. त्यांनी पहिला रिपोर्ट खिशातून काढला, घडीवर पेढ्याच्या तुपाचा डाग होता. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या तोंडावर थुंकणार. मी तयार होतो, खरं तर त्याचीच वाट पाहत होतो. ते म्हणाले, "साहेब, हा कागद वापस जमा करा लागते का जी?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी तो पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवला. "बरं. मंग असू देतो. चांगलं लिहून हाय याच्यात."

त्यानंतरच्या थूल मॅडम मला सांगता येत नाहीत. दिसायला त्याच. नऊला येणार, चष्मा कपाळावर. पण पाच मिनिटांच्या पट्टीला आता दोन दिवस लागायला लागले. एरवी डोळा लावताक्षणी "साधी" म्हणून बाजूला ठेवलेल्या गाठी त्या पुन्हा पुन्हा पाहायच्या. आणि सगळ्या रिपोर्टांखाली तेच वाक्य: नाकारता येत नाही, सबंध काढावी. सगळ्यांना लाल रबर. माझा रबरांचा डबा रिकामा झाला, नवीन रबरं आणावी लागली. एका सर्जनचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मला ऐकू येत होता, "मॅडम, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींना मी उगाच कापत सुटू का? तुमच्या गेल्या सगळ्या साध्या निघाल्या!" मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." पुढच्या रिपोर्टवर पुन्हा तेच.

मग आंजीची एक मुलगी आली, आईबरोबर. तिची गाठ काढली होती, साधी होती. पण छातीवर जखम चिघळली आणि जाड वण उठला. जुळलेलं लग्न त्यावरून मोडलं असं आई म्हणत होती. "काऊन काढायले लावली जी?" एवढंच विचारत होती. मॅडमनी तिचा जुना रिपोर्ट काढून पुन्हा वाचला. ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मनोहरभाऊ, मले आता समद्याच गाठीत पानं दिसून राह्यली. नसली तरी दिसतात. डोळे मिटले तरी." मी काहीतरी विनोद करायला गेलो. आला नाही.

शेवटच्या दिवसाला शेवटचा दिवस म्हणून आम्ही ओळखत नव्हतो. सुईचे धागे आले होते, एकोणीस वर्षांची मुलगी. मॅडमनी पट्टी हातात घेतली आणि खूप दिवसांनी विचारलं, "कोण्या गावची?"

मी खोटं बोलायला हवं होतं. नाही बोललो. "हिंगणीची."

त्यांनी पट्टी ठेवली. पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा समोर." मी दुसऱ्या जोडीला डोळे लावले. "मले काई समजून नाई राह्यलं. तुम्ही सांगा. पानं आहेत का?" मी, खिडकीतला नट, बारावी नापास, पाहत राहिलो. गुलाबी रान होतं. त्या पट्टी पुढे-मागे सरकवत होत्या, त्यामुळे रानही सरकत होतं. मी म्हटलं, "मला काय कळतं, मॅडम." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पर्स उचलली. "नागपूरले पाठवा हे. माह्या सहीनं नोका पाठवू." आणि त्या घरी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. घर विकून आता भावाकडे नागपूरला असतात. लॅबमध्ये नवे डॉक्टर आले, हुशार आहेत, गाव विचारत नाहीत.

नागपूरचा रिपोर्ट आठवड्याने आला. मुलीचे वडील खिडकीशी होते. मी त्यांना बाकावर बसवलं, बाहेर येऊन शेजारी बसलो आणि वाचला. क्रमांक, पहिली ओळ, मधली ओळ, शेवटची ओळ, सही. "साधी गाठ आहे. काढायची गरज नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. त्याआधी वाढली तर त्याच दिवशी या. परत म्हणून दाखवा." त्यांनी म्हणून दाखवलं. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे चांगलीच बातमी हाय ना जी? मंग तुमी असं मेल्यावानी काऊन सांगून राह्यले? गावात तं म्हणत होते, तिथं खिडकीत एक लय मजाकी माणूस असते."

"तो सोडून गेला," मी म्हटलं.

संध्याकाळी मॅडमना फोन लावला. "मॅडम, हिंगणीची साधी निघाली. पूर्ण वाचून सांगितलं त्यांना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग मॅडम म्हणाल्या, "हिंगणीले बस आहे ना अजून रोजची?"

"आहे, मॅडम."

पूनमलाही बस होती. रोज होती. त्या बसने येऊन ती आमच्या खिडकीवरूनच जायची. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. फोन त्यांनी ठेवला की मी, ते आठवत नाही.